पणतीची शाळा
शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाणारे जीवनशिक्षण आणि त्यात ज्येष्ठांचे स्थान

वाचकहो, काटकसरीने आणि निसर्गाला न दुखावता जगणे आपणांस कोणी शिकवले, हा प्रश्न एकदा स्वतःला विचारून पाहावा. शाळेच्या वेळापत्रकात तो विषय नव्हता. जुन्या लुगड्याची गोधडी होत असे. तांदूळ धुतलेले पाणी अंगणातल्या अळूला जात असे. रात्रीची उरलेली भाकरी सकाळी कुस्करून फोडणीला पडत असे. हे सारे आपण आई, आजी आणि शेजारच्या काकू यांच्याकडे पाहत पाहत शिकलो. पुढे 'शाश्वत जीवनशैली' हे भारदस्त नाव आले. व्यवहार मात्र जुनाच होता.

आज माहितीला तोटा नाही. भ्रमणध्वनीवर रोज सकाळी पर्यावरणाचे संदेश येतात, सोसायटीच्या फाटकावर ओला कचरा व सुका कचरा असे फलक असतात. तरीही दोन्ही डबे एकाच गाडीत रिकामे होतात, नळ रात्रभर ठिबकत राहतो आणि पावसाळ्यात गच्चीवरच्या कुंड्यांत डास वाढतात. माहिती पोहोचली, पण सवय बदलली नाही. हे अंतर भरून काढणारे शिक्षण म्हणजे लोकशिक्षण. ते कसे घडते, वयाची साठी-सत्तरी ओलांडलेल्यांचे त्यात काय काम आहे आणि प्रकृती सांभाळून त्याचा आरंभ आपल्याच आळीत कसा करता येईल, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

सवय कशाने बदलते?

महाराष्ट्राला लोकशिक्षण नवे नाही. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात शिरले की प्रथम हातातल्या खराट्याने रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्या कीर्तनात ते श्रोत्यांना प्रश्नामागून प्रश्न विचारीत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून वदवून घेत. दिवसा आपल्या गल्लीत झाडू मारणारा माणूस लोकांनी पाहिलेला असे. त्यामुळे रात्रीचा शब्द त्यांना कोरडा वाटत नसे. कृती आधी, प्रश्न नंतर आणि उपदेश शेवटी, असा हा क्रम होता.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नयी तालीमचा विचार मांडला. हाताने काम करीत करीत शिकणे हे त्याचे सूत्र. आरंभी तो मुलांच्या शालेय शिक्षणापुरता होता. पुढे गांधीजींनी त्याचा विस्तार केला आणि प्रौढांच्या शिक्षणालाही त्यात जागा दिली. शिकण्याचे वय जन्मापासून अखेरपर्यंत असते, ही दृष्टी त्यामागे होती. आपल्या वाचकांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी, कारण 'आता या वयात काय शिकायचे' हे वाक्य आपल्या घरांत फार सहज उच्चारले जाते.

जामखेडचा धडा

या विचाराची आरोग्याच्या क्षेत्रातील कसोटी आपल्याच राज्यातील एका अवर्षणप्रवण तालुक्यात लागली. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोर येथे शिकलेले दांपत्य. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० साली अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे त्यांनी कामाला सुरुवात केली. लोकांचे बहुतेक आजार दूषित पाणी, अपुरे अन्न आणि अस्वच्छता यांतून येतात, आणि केवळ दवाखाना काढून ते थांबणार नाहीत, हे त्यांनी लवकर ओळखले. लोकांना पहिली निकड पाण्याची होती. म्हणून पाण्याचे काम हाती घेण्यात आले. हातपंप दलित वस्तीतही बसवले गेले आणि पाण्यासाठी सारा गाव तेथे येऊ लागला. शिवाशिवीवर व्याख्यान देण्यापेक्षा त्या एका पंपाने अधिक शिकवले.

गावागावांत आरोग्याचे काम कोण करील, हा पुढचा प्रश्न होता. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात राहावयास नाखूश असत. तेव्हा गावातल्याच बायकांना शिकवण्याचे ठरले. त्यांपैकी अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातील होत्या, आणि कित्येकींनी तरुणपण केव्हाच मागे टाकले होते. आठवड्यातून एकदा या स्त्रिया जामखेडला जमत आणि मुक्काम करीत. गेल्या आठवड्यात गावात काय घडले ते प्रथम त्याच सांगत. मग चित्रे, गाणी आणि प्रत्यक्ष कृती यांच्या साहाय्याने नवा विषय घेतला जाई. शिकलेले गावात जाऊन दुसऱ्यांना सांगावयाचे आणि पुढच्या आठवड्यात अनुभव घेऊन परत यावयाचे.

या स्त्रियांनी जुळारी मोटारींची यंत्रे आणली नाहीत. सांडपाण्यासाठी शोषखड्डे, घरामागे परसबाग, झाडांची लागवड, बाळंतपणातील स्वच्छता, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, असे हे साधे उपाय होते. शोषखड्डा केला की सांडपाण्याचे डबके जाते, डबके गेले की डास कमी होतात आणि त्याच ओलाव्यावर परसबागेतील शेवगा व पालेभाजी वाढते. पाणी, माती, अन्न आणि आरोग्य ही एकाच साखळीची कडी आहेत, हे पुस्तकाविना त्यांच्या ध्यानी आले. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ साली तेथे दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत. १९९३ पर्यंत हे प्रमाण १९ वर आले. आरोळे दांपत्याला १९७९ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९८८ साली वॉशिंग्टन येथील एका आंतरराष्ट्रीय परिषदेत जामखेडची एक आरोग्यसेविका बोलावयास उभी राहिली. सभागृहात काचेची मोठी झुंबरे लखलखत होती. तिने डॉक्टरांची तुलना त्या झुंबरांशी केली: सुंदर, महाग आणि हाताला न लागणारी. स्वतःला तिने पणती म्हटले. पणती स्वस्त असते, तिचा उजेड लहान असतो. पण तिच्यावर दुसरी पणती लावता येते, आणि झुंबरावर दुसरे झुंबर लावता येत नाही, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. लोकशिक्षणाची याहून नेमकी व्याख्या शोधून सापडणार नाही.

तिलोनियाच्या आज्या

राजस्थानातील अजमेर जिल्ह्यात तिलोनिया हे खेडे आहे. संजित उर्फ बंकर रॉय यांनी १९७२ साली तेथे सुरू केलेली संस्था आज बेअरफूट कॉलेज या नावाने ओळखली जाते. ज्यांना शाळेचे दार उघडे झाले नाही अशांसाठी हे विद्यालय आहे. तेथे देशोदेशींच्या खेड्यांतील स्त्रिया सुमारे सहा महिने राहतात आणि सूर्यप्रकाशावर चालणारे दिवे जोडण्याचे व दुरुस्त करण्याचे काम शिकतात. त्यांतील पुष्कळशा मध्यमवयीन असतात आणि अनेकींना नातवंडे असतात.

भाषा एक नाही, अक्षरओळख नाही, मग शिक्षण होते कसे? सुट्या भागांना रंगांनी ओळखावयाचे, खुणांनी विचारावयाचे आणि हाताने पुन्हा पुन्हा करून पाहावयाचे. शिकवणाऱ्याही बहुधा गावातल्या, अल्पशिक्षित स्त्रियाच. आज्यांची निवड करण्यामागे एक व्यवहारी विचार आहे. तरुणाला प्रमाणपत्र मिळाले की तो नोकरीसाठी शहराची वाट धरण्याची शक्यता अधिक. आजी मात्र आपल्या गावात परतते आणि तेथेच राहते. तिचे ज्ञान गावाच्या मालकीचे होते. वयामुळे येणारी जी स्थिरता आपण उणीव मानतो, तीच येथे पात्रता ठरली आहे.

आपल्या सोसायटीत किंवा वाडीवर दिवसभर कोण असते, याचा विचार करा. कचरागाडी किती वाजता येते, कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणत्या आळ्यातली कढीपत्त्याची काडी सुकली, हे कोणाला ठाऊक असते? नोकरदार मुला-सुनांना नव्हे, आपल्यालाच. लोकशिक्षणाला सातत्य लागते, आणि सातत्य हे ज्येष्ठांच्या हाती असलेले धन आहे.

यात आपला स्वतःचाही लाभ आहे. एकाकीपण हा आरोग्याचा गंभीर प्रश्न आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केले असून २०२३ साली त्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला आहे. ज्याची कोणी तरी वाट पाहत आहे, ज्याला आठवड्याला एक काम पार पाडावयाचे आहे, त्या माणसाला सकाळी उठावयास कारण असते. घरातील वृद्धाची सर्व प्रकारे सेवा होते, परंतु त्याच्याकडून काही मागितले जात नाही, ही आजच्या सुखवस्तू घरांतील एक मूक व्यथा आहे. शुश्रूषा करणाऱ्यांनी ती ओळखावी.

जुने ते सगळेच सोने नव्हे

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'आमच्या वेळी' या दोन शब्दांनी आरंभ झाला की ऐकणारे कान मिटतात, आणि काही वेळा ते रास्तही असते. आपल्या वेळी चुलीचा धूर होता. त्या धुराने कित्येक बायकांची फुप्फुसे कायमची दुखावली. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ ठेवले तर ते बाधत. जुलाब झालेल्या मुलाचे पाणी तोडण्याची आणि बाळंतिणीचा पहिला चीक टाकून देण्याची चाल अनेक घरांत होती. जामखेडच्या स्त्रियांना आधी स्वतःच्या मनातील असे समज सोडावे लागले, मगच त्या इतरांना शिकवू शकल्या.

म्हणून आपल्या आठवणींची निवड करावी. गोधडी, परसबाग, ताजे व हंगामी अन्न, वस्तू दुरुस्त करून वापरणे, हे पुढे न्यावे. धूर, अंधश्रद्धा आणि शिवाशीव मागे ठेवावी. आणि ज्या गोष्टी नातवंडांना अधिक कळतात त्या त्यांच्याकडून निःसंकोच शिकाव्यात. नातवाने आजोबांना बॅटरीचा कचरा वेगळा का ठेवावा हे सांगावे आणि आजोबांनी नातवाला बियाणे राखेत कसे जपावे हे दाखवावे. शिकणारा आणि शिकवणारा यांच्या जागा अदलाबदल होत राहिल्या, तरच शिक्षण जिवंत राहते.

आपल्या आळीत आरंभ कसा करावा?

मोठी सभा, अध्यक्ष, हारतुरे यांची गरज नाही. पाच ते सात घरे, आठवड्यातील एक ठरलेला वार, पाऊण तास वेळ आणि सहा आठवड्यांसाठी एकच विषय, एवढे पुरेसे आहे. पुढील तीन विषय आरंभासाठी सोयीचे आहेत.

पहिला विषय ओल्या कचऱ्याचा. बाजूंना भोके असलेला डबा किंवा बांबूची टोपली घ्यावी. तळाशी चार बोटे वाळलेला पाला किंवा नारळाच्या शेंड्या पसराव्यात. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा धुतलेला चोथा बारीक करून टाकावा आणि प्रत्येक थरावर त्याच्या दुप्पट वाळलेला पाला घालावा. विरजण म्हणून मूठभर जुने खत किंवा थोडे आंबट ताक चालते. पिळलेल्या फडक्याइतका ओलावा असावा. तीन-चार दिवसांनी मिश्रण हलवावे. वास येऊ लागला तर पाणी जास्त झाले असे समजून वाळलेला पाला वाढवावा. आरंभी तेलकट, शिजलेले किंवा मांसाहारी अन्न टाकू नये. साधारण दीड-दोन महिन्यांत मातीसारखा गंध असलेले खत तयार होते. दर आठवड्याला प्रत्येकाने आपल्या डब्यातील मूठभर मिश्रण कागदावर आणून दाखवावे. कोणाचे बिघडले आणि का, या चर्चेतून जे कळते ते पुस्तकातून कळत नाही.

दुसरा विषय पाण्याचा. ठिबकणाऱ्या नळाखाली रात्री भांडे ठेवावे आणि सकाळी ते मापाने मोजावे. प्रत्येक घराने आपला आकडा सांगावा. हा आकडा कोणत्याही व्याख्यानाहून परिणामकारक ठरतो. पाणी साठवताना झाकण घट्ट असावे, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातील एक दिवस कोरडा पाळावा: पिंप, कुंडीखालच्या ताटल्या, कूलर रिकामे करून आतून घासावेत. अंडी भिंतीला चिकटून राहतात. केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नसते.

तिसरा विषय ताटाचा. आपल्या भागात पिकणारी ज्वारी, बाजरी, नाचणी, कुळीथ, हंगामी भाज्या यांचा एकेक पदार्थ प्रत्येकाने करून आणावा आणि कृती सांगावी. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. उतारवयातील हाडांना ते उपकारक आहे. दात नसलेल्यांसाठी आंबील, सत्त्व, मऊ उकड असे पर्याय जुन्या गृहिणींना ठाऊक असतात. ते लिहून ठेवावेत.

या सर्वांत एकच नियम कटाक्षाने पाळावा. सहा आठवडे पूर्ण झाले की प्रत्येकाने मंडळाबाहेरील एका घराला शिकवावयाचे. पणतीने पणती लावावयाची ती अशी.

प्रकृतीचे भान

उत्साहाच्या भरात शरीराची मर्यादा विसरू नये. मधुमेहींनी मातीत काम करताना बंद पादत्राणे व हातमोजे घालावेत आणि नंतर पायांची बोटे नीट पाहावीत. बधिर पायाला काटा टोचल्याचे कळत नाही. धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे. दमा, फुप्फुसाचा जुना विकार किंवा प्रतिकारशक्ती कमी असणाऱ्यांनी खत हलवू नये. त्यातून उडणारे बुरशीचे सूक्ष्म कण त्रासदायक ठरतात. ते काम दुसऱ्याकडे देऊन आपण नोंदी ठेवाव्यात. गुडघे दुखत असतील तर कुंड्या कमरेच्या उंचीच्या ओट्यावर ठेवाव्यात. दुपारचे ऊन टाळावे.

आहारातील बदल हा औषधांशी जोडलेला असतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच हृदयविकारामुळे मीठ व पाणी मोजून घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय नवे पदार्थ सुरू करू नयेत. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू किंवा घटवू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

आजारी माणसाच्या घरातून निघणारा कचरा हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याची चर्चा संकोचामुळे होत नाही. वापरलेले डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून, वर ठळक लाल खूण करून वेगळे द्यावेत. इन्सुलिनच्या सुया कधीही मोकळ्या टाकू नयेत. जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत त्या साठवाव्यात, बाटलीवर 'सुया' असे लिहावे आणि स्थानिक नगरपालिकेच्या व्यवस्थेनुसार किंवा आपल्या दवाखान्यात विचारून त्या सोपवाव्यात. मुदत संपलेली औषधे मोरीत ओतू नयेत. आपल्या डब्यात हात घालणाऱ्या सफाई कामगाराच्या बोटाला ती सुई टोचते, हे ध्यानी असावे. मंडळाच्या एका बैठकीला त्या कामगार बाईंना बोलवावे, त्यांच्यासाठी खुर्ची ठेवावी आणि त्यांचे ऐकावे. कचऱ्याविषयी त्यांच्याइतके ज्ञान आपल्यापैकी कोणालाच नसते.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीलाही या शाळेत जागा आहे. दूरध्वनीवरून बैठकीची आठवण करणे, कृती सांगणे, वहीत आकडे उतरवणे ही कामे पडल्या पडल्या होतात. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना मटार सोलावयास, मेथी निवडावयास द्यावी. नावे विसरली तरी हाताची सवय पुष्कळ काळ टिकते. मात्र जवळ कोणी तरी असावे आणि विषारी बिया किंवा खते हाताशी नसावीत.

यश ओळखावे कसे?

झाडे लावल्याचे छायाचित्र हे यशाचे प्रमाण नव्हे. तिसऱ्या उन्हाळ्यात त्या झाडाला पाणी कोण घालतो, हे पाहावे. आपण महिनाभर गावाला गेलो असता मंडळ भरले काय? ज्या घराला कोणी बोलावले नव्हते ते आपण होऊन विचारावयास आले काय? नातवंडांनी सांगितलेली एखादी गोष्ट आपण अंगीकारली काय? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर शिक्षण रुजले असे समजावे. सात घरांपैकी तीनच टिकली, तरी खंत करू नये. जामखेडची पहिली वर्षेही सोपी नव्हती, आणि सवय बदलण्यास ऋतूंची आवर्तने लागतात.

हा अंक वाचून झाला की कृपा करून तो जपून ठेवू नये. शेजारच्या घरी न्यावा, सोबत एक वाटी नाचणीचे सत्त्व किंवा कढीपत्त्याचे रोप न्यावे आणि येत्या आठवड्यातला एक वार ठरवून यावे.